शेवटच्या पानावरचा फ्रॉक

बाई दर मंगळवारी सकाळी दहाला यायच्या, आणि मंगळवार उजाडला की माझ्या कपाळावर आठी चढायची.

ऐंशीच्या दशकाच्या मधली ही गोष्ट. आम्ही कॅलिफोर्नियात, सांता क्लाराला राहत होतो. नवरा चिप बनवणाऱ्या एका कंपनीत इंजिनियर. मी पुण्याहून इतिहासात एम. ए. करून आलेली. इथे त्या पदवीला कुणी हिंग लावून विचारत नाही हे कळल्यावर जवळच्या विद्यापीठात ग्रंथालयशास्त्र शिकायला लागले आणि तिथल्याच ग्रंथालयात अर्धवेळ काम करू लागले. काम तळघरात, मायक्रोफिल्मच्या खोलीत. जुन्या वर्तमानपत्रांच्या पानांचे बारीक फोटो काढून फिल्मच्या रिळांवर साठवलेले असायचे. रीळ यंत्रात अडकवायचं, दांडा फिरवायचा, की पडद्यावर पान मोठं होऊन दिसायचं. दिसायचं म्हणजे नशीब बरं असेल तर. नाहीतर अर्धं पान काळं, उरलेलं तिरकं आणि मधे फोटो काढणाऱ्याचा अंगठा.

बाई अमेरिकन, पंच्याहत्तरीच्या पुढच्या होत्या. दोन बस बदलून तासाभराच्या गावाहून यायच्या. मागायच्या ते एकच रीळ. फार पूर्वी बंद पडलेल्या एका शहरी वर्तमानपत्राच्या रविवारच्या पुरवण्या. रीळ त्यांना अडकवता यायचं नाही. मी अडकवून दिलं तरी पडदा फार उजळ आहे, पडदा फार अंधारा आहे, दांडा जड फिरतो, खुर्ची बुटकी आहे, हे चालूच. आणि दोन तास दांडा फिरवून झाल्यावर निघताना प्रश्न ठरलेला, "हे रंगीत नाही का कुठे?"

मी सांगायचे, फिल्म काळी-पांढरीच असते. त्या "असं होय" म्हणायच्या, जणू पहिल्यांदाच ऐकताहेत. पुढच्या मंगळवारी पुन्हा तेच.

चौथ्या मंगळवारी माझा तोल गेला. "बाई, मागच्या आठवड्यात हे काळं-पांढरं होतं, आजही आहे आणि पुढच्या आठवड्यातही असणार आहे," मी म्हटलं. वडीलधाऱ्या माणसाशी असं बोलले म्हणून घरी मला चांगलंच ऐकून घ्यावं लागलं असतं. बाईंना काही वाटलं नाही. त्या शांतपणे म्हणाल्या, "ते ठाऊक आहे मला. पण विचारत राहिलं की एखाद्या दिवशी कुणीतरी उठतं आणि शोधतं."

म्हणजे माझा वैताग हा त्यांचा बेत होता. मला अजूनच राग आला, पण कुतूहलही वाटलं. मी त्यांना म्हटलं, सांगा तरी काय शोधायचं ते.

त्यांचे वडील त्या वर्तमानपत्रात चित्रमालिका काढायचे. वर्ष-सव्वा वर्षच काढली. दर रविवारी अख्खं पान, रंगीत. एका घरातल्या दोन मुली आणि त्यांचे उद्योग. पिठाच्या डब्यात मांजर कोंडायचं, पाद्र्याची टोपी बागेत पेरायची, असले. त्या दोन मुली म्हणजे बाई आणि त्यांच्याहून वर्षाने मोठी बहीण. वडिलांनी दोघी अगदी एकसारख्या काढल्या होत्या, तेच नाक, तीच केसांची रिबिन. फरक फक्त फ्रॉकच्या रंगाचा. बहिणीचा गुलाबी, हिचा आकाशी. आईने खरोखरच तसे फ्रॉक शिवले होते.

मग बहीण घटसर्पाने गेली. सात वर्षांची होती. रविवारची पानं रंगीत असल्यामुळे पाच-सहा आठवडे आधी छापखान्यात द्यावी लागत. म्हणजे तिला पुरून आल्यावरही महिनाभर दर रविवारी ती वर्तमानपत्रात मांजरं कोंडत होती, आणि रस्त्यात भेटलेली माणसं वडिलांना सांगत होती की या खेपेला फार हसलो. ती आधी दिलेली पानं संपली. मग एकच पान आलं. त्यात एकच मुलगी होती. त्यानंतर वडिलांनी चित्रमालिका सोडली आणि जन्मभर दुकानांच्या पाट्या रंगवल्या. आईने त्या दिवसांत वर्तमानपत्र घरात येऊ दिलं नव्हतं, त्यामुळे सहा वर्षांच्या बाईंनी ते पान पाहिलंच नाही. आता सत्तर वर्षांनी पाहिलं तर ते माझ्या यंत्रात, राखेच्या रंगाचं.

"मला एवढंच बघायचंय," बाई म्हणाल्या, "की शेवटी त्यांनी कुणाला ठेवलं. तिला की मला."

माझ्या तोंडाला लगाम नाही. मी विचारलं, "आणि गुलाबी निघाला तर?"

"तर मला लहानपणापासून जे वाटत आलंय ते खरं. की दोघींतली एक जायचीच होती तर मी गेलेलं त्यांना चाललं असतं."

यावर डोळ्यांत पाणी यावं तर माझं डोकंच फिरलं. कुणी अक्कलवंताने रंगीत पानांचे करडे फोटो काढले आणि काम झालं म्हणून हात झटकले? मला राग आला की मी वाचत सुटते. ग्रंथालयात घोड्याच्या नालांच्या इतिहासावर तीन पुस्तकं होती आणि या चित्रांच्या इतिहासावर एक, तेही मागची पानं नसलेलं. बाकी मी जुन्या मासिकांतून वेचलं.

मजेचा इतिहास आहे तो. पूर्वेकडच्या मोठ्या शहरांतल्या वर्तमानपत्रांची आपसांत झोंबाझोंबी चालली होती. त्या भरात मालकांनी रंगीत छपाईची प्रचंड यंत्रं आणली, ती काय तर थोरामोठ्यांची तैलचित्रं छापून वाचकांची अभिरुची सुधारायला. तैलचित्रांचा चिखल झाला. मग त्याच यंत्रांवर गल्लीतल्या वांड पोरांची चित्रं छापली, आणि ती अशी खपली की अभिरुचीचं नाव पुन्हा कुणी काढलं नाही. आधी मजकूर चित्राखाली असायचा, मग माणसांच्या तोंडून फुग्यांत निघायला लागला. नुकतेच बोटीतून उतरलेले, इंग्रजी न येणारे लोक चित्र बघून फुग्यातले शब्द लावायचे. पाद्री आणि मास्तर ओरडत होते की रविवारी देवाचं नाव घ्यायचं सोडून मुलं हे काय बघताहेत. आणि चित्रकाराच्या हाती काही नाही. चित्र वर्तमानपत्राचं, त्यातली माणसंही वर्तमानपत्राची. चित्रकार काळ्या शाईने रेषा काढून द्यायचा, कुठे कुठला रंग ते लिहायचा, आणि छापखान्यातले ब्लॉक करणारे कामगार बारीक ठिपक्यांनी तो रंग भरायचे. लाल ठिपके विरळ टाकले की गुलाबी, निळे विरळ टाकले की आकाशी. फिल्मवर दोन्ही ठिपक्यांची सारखीच राख झाली होती.

मंडळाच्या पिकनिकला हे सांगायला गेले, तर एक काकू म्हणाल्या, "अगं, कॉमिक्स वाचायला पण डिग्री लागते का आता? आमच्या चिरंजीवांना नको हं सांगूस, तो लगेच अप्लाय करेल." आणि त्यांच्या शेजारी भेळ कालवणारा एक विद्यार्थी म्हणाला, "यार, वहिनींची मजा आहे. आम्ही इथे थिसिस करून मरतोय." मी भेळ न खाताच उठले.

जूनमध्ये आमच्या साहेबांनी एक कागद फिरवला. खालच्या कोठारातले वर्तमानपत्रांचे बांधीव खंड फिल्मवर आलेले असल्यामुळे आता काढून टाकायचे. शुक्रवारी ट्रक येईल. तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की खरी वर्तमानपत्रं माझ्या पायाखालच्या मजल्यावर होती! चार मंगळवार मी बाईंना नाही-नाही म्हणत होते आणि एकदाही जिना उतरून बघितलं नव्हतं. मी साहेबांकडे गेले.

"सगळं फिल्मवर आहे," ते म्हणाले.

"रंग नाही."

"रंग ही काही माहिती नव्हे."

माणूस वाईट नव्हता. कोठारात पाण्याचा नळ गळत होता, जागा नव्हती, वरून तगादा होता. पण हे वाक्य त्यांनी इतक्या सहज म्हटलं की माझ्या कानशिलातून वाफ निघाली. ते पुढे म्हणाले की हवा तो खंड घेऊन जा, नाहीतरी लगदाच व्हायचा आहे.

खंड सापडला. पाटाएवढा रुंद, त्याच्या दुप्पट लांब, आणि वजन असं की नवऱ्याला गाडी घेऊन बोलवावं लागलं. तो मागच्या सीटवर ते धूड ठेवता ठेवता म्हणाला, "अगं, इथे रद्दीवाला येत नाही म्हणून तू स्वतःच बिझनेस स्टार्ट करतेयस का?" मी त्याच्याशी घर येईपर्यंत बोलले नाही.

जेवणाच्या टेबलावर तो खंड ठेवला आणि उघडला, आणि मी ओरडलेच. काय ते रंग! पिवळी भिंत, हिरवी बाग, मांजर नारिंगी. आणि दोन मुली, एक गुलाबी, एक आकाशी. शंकेला जागाच नाही. आठवडे मी ज्या राखेत डोळे फोडले होते तिच्याखाली हे सगळं होतं. नवऱ्यालासुद्धा चार पानं बघून हसू आलं.

पण चित्रमालिकेचे शेवटचे दोन-तीन महिने नळाखाली भिजलेले होते. ती पानं एकमेकांना चिकटून त्यांची एक जाड वडी झाली होती. त्या वडीत कुठेतरी ते पान होतं. मी बाईंना फोन केला. रंग आहेत, दोघी ओळखू येतात, पण शेवटचं पान अजून सुटत नाही, तीन आठवडे द्या, असं सांगितलं. बाई म्हणाल्या, "मी थांबते. मला थांबायची सवय आहे."

आता पुढचं सांगताना आजही स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटते.

आमच्याकडे पावसाळा संपला की घरातल्या सगळ्या वस्तूंना ऊन दाखवायची पद्धत होती. गाद्या, लोकरीचे कपडे, मसाल्याच्या बरण्या, आणि वडील शिक्षक असल्यामुळे पुस्तकंही. वडील गच्चीवर सतरंजी घालून पुस्तकं उघडी ठेवायचे, आम्ही भावंडं पानं उलटायचो. दमट वास जायचा, कसर जायची, चिकटलेली पानं सुटायची. म्हणून ओला कागद दिसल्याबरोबर माझ्या डोक्यात दुसरा विचारच आला नाही. ग्रंथालयशास्त्राच्या विद्यार्थिनीने निदान एखाद्या शिक्षकाला विचारावं? कागद टिकवण्याचा विषय आम्हाला पुढच्या सत्रात होता, आणि विचारायचं तरी कुणाला? ही माणसं अख्खं कोठार लगद्याला धाडताहेत, यांना कागदातलं काय कळतं! आम्ही पोथ्या सांभाळणारी माणसं. असा सगळा ताठा.

मी खंड बाल्कनीत ठेवला. जुलै महिना, ढग औषधालाही नाही. सकाळी नऊला उघडायचा, संध्याकाळी सातला आत. तिसऱ्या दिवशी पहिलं पान चर्र आवाज करून सुटलं. मग रोज एक-दोन सुटू लागली. गृहसंकुलाच्या मॅनेजरने दाराला चिठ्ठी लावली की बाल्कनीत सामान ठेवू नये, मी ती फाडून टाकली. सुटलेली पानं किंचित पिवळट वाटत होती, पण ओल गेल्याचं ते लक्षण असं मीच मला समजावलं.

मध्येच दुसऱ्या राज्यात, प्लेनोला जावं लागलं. तिथे माझ्या नणंदेचं डोहाळजेवण होतं आणि मोठी वहिनी म्हणून मी नसून चालणार नव्हतं. आठ दिवसांचा मुक्काम. निघताना मी फ्रिजवर नवऱ्यासाठी कागद लावला: सकाळी बाहेर, संध्याकाळी आत, चिकटलेलं पान सुटलं की उलटायचं, वाऱ्याने उडू नये म्हणून कोपऱ्यांवर वजन ठेवायचं.

आमच्या ह्या माणसाला स्वतःचा मोजा सापडत नाही, पण लिहून दिलेली सूचना तो तंतोतंत पाळतो. मी परत आले तर दारातच अभिमानाने सांगायला लागला, "सगळी पेजेस सेपरेट झाली! शेवटचं तर मंडेलाच ओपन झालं. त्याच्या पुढची चिकटलेली नव्हतीच, मग टर्न काय करायचं? तेच ठेवलं."

"मंडेपासून तेच पान उन्हात?"

"कोपऱ्यांवर वजन पण ठेवलंय."

मी बाल्कनीत धावले. पान कोऱ्या चहाच्या रंगाचं झालं होतं. त्या तपकिरीत काळ्या रेषा तेवढ्या शिल्लक होत्या. पानावर सहा चौकटी, सहाही चौकटींत एक मुलगी. फ्रॉकच्या जागी मळकट डाग, तो गुलाबी होता की आकाशी की मुळात रंगच नव्हता, ते ब्रह्मदेवाच्या बापालाही सांगता आलं नसतं. मी वजन उचललं तर पानाचा कोपरा पापडासारखा तुटून हातात आला.

"फ्रॉक कुठल्या रंगाचा होता?" मी विचारलं.

"कुठला फ्रॉक?"

"या मुलीचा! पान उघडलं तेव्हा!"

"अगं, मी पेजेस टर्न करत होतो. फ्रॉक बघा असं लिहिलेलं नव्हतं."

त्या संध्याकाळी मी जितकी भांडले तितकी त्यानंतर आजवर भांडले नाही. तो बिचारा फ्रिजवरचा कागद घेऊन उभा होता, आणि कागद माझ्या अक्षरातला होता. शेवटी मी थकून खाली बसले तेव्हा मला आई दिसली, गच्चीच्या दारात उभी राहून ओरडणारी. कोवळं ऊन दाखवा रे, घटकाभरच, आणि वर पंचा टाका. तेवढंच मी विसरले होते. सकाळचं कोवळं ऊन, घटकाभर, वर पंचा. मी कॅलिफोर्नियाच्या भर जुलैत दहा-दहा तास भाजून काढलं होतं, तेही लाकडाच्या लगद्याचा तो हलका कागद, जो प्रकाशात ठेवला की जळतो हे मी तेव्हा वाचलं. पुढच्या सत्राच्या पुस्तकात पहिल्याच प्रकरणात होतं.

दुसऱ्या दिवशी मी ते पान पुन्हा तपासायला बसले. पान डाव्या हाताचं होतं, म्हणजे त्याची उजवी कड बांधणीत शिरलेली. तिथे पानाला फुगवटा येऊन आत सावली पडत होती, आणि बोटभर रुंदीची एक पट्टी उन्हातून वाचली होती. शेवटची चौकट नेमकी खाली उजवीकडे, त्या पट्टीला लागून. मुलीच्या फ्रॉकचा घेर एका बाजूने त्या पट्टीत गेला होता. नवऱ्याचं चिपा बघायचं भिंग घेतलं आणि वाकून पाहिलं. ठिपके दिसले, विरळ, स्वच्छ.

गुलाबी.

मी चार वेळा पाहिलं. नवऱ्याला दाखवलं. "पिंक," तो म्हणाला. मग जरा वेळाने म्हणाला, "ब्लू सांग ना तिला. बाकीचं सगळं ब्राऊनच झालंय. कोण चेक करणार आहे?"

त्याच्यावर चिडायला हवं होतं, पण मी चिडले नाही, कारण मी स्वतः मघापासून तेच घोकत होते. एक म्हातारी बाई, जिची सगळी हयात एका भीतीत गेली, तिला दोन अक्षरं खोटी सांगायची आणि मोकळं करायचं. कुणाचं काय जातं? पण मग रंग ही माहिती नव्हे म्हणणाऱ्या साहेबांत आणि माझ्यात फरक काय राहिला? त्यांनी निदान ठिपके राखेचे केले, मी ते उलटेच करायला निघाले होते. दोन दिवस मी घरात वस्तू आपटत फिरले आणि मंगळवार आला.

बाईंना मी घरीच बोलावलं होतं. नवऱ्याने त्यांना बसथांब्यावरून आणलं. त्या चांगला ड्रेस घालून आल्या होत्या, केस सेट करून. ते बघून मला पळून जावंसं वाटलं. मी चहासुद्धा विचारला नाही, सरळ टेबलापाशी नेलं आणि जे घडलं ते सांगून टाकलं. पान चिकटलेलं होतं. मी ते उन्हात ठेवलं. रंग गेले. हे कुणी दुसऱ्याने नाही, मी केलं.

बाई त्या तपकिरी पानाकडे बघत राहिल्या. "उन्हात?" त्या म्हणाल्या. "तुम्ही वर्तमानपत्र उन्हात ठेवलं?"

"हो."

"तुम्ही तर त्या फिल्मवाल्यांपेक्षा वाईट निघालात."

ते खरं होतं. मी भिंग पुढे केलं आणि बांधणीच्या आत कुठे बघायचं ते दाखवलं. त्यांनी दोन्ही हात टेबलावर टेकले आणि वाकल्या. त्यांना भिंगाचं अंतर साधेना. मी त्यांच्या हाताखाली हात धरला.

"गुलाबी?" त्यांनी मान वर न करता विचारलं.

"गुलाबी," मी म्हटलं.

त्या तशाच वाकून राहिल्या. मी बडबडायला लागले. चित्रकार स्वतः रंग भरत नसत हो. ब्लॉक करणारे कामगार भरत. त्यांना घाई असे, कित्येकदा ते मनाला येईल तो रंग टाकत. एका पानावर निळी टोपी, पुढच्या पानावर तीच लाल, असं शेकडो वेळा झालेलं आहे. तेव्हा या गुलाबीचा अर्थ तुमच्या वडिलांनी...

"जरा गप्प राहाल का?" बाई म्हणाल्या.

त्यांनी भिंग फ्रॉकवरून वर सरकवलं, चेहऱ्यापर्यंत. फिल्मवर तो चेहरा आम्हाला कधी धड दिसलाच नव्हता, कारण फोटो काढताना बांधणीची काळी सावली त्यावरून गेली होती. इथे कागदावर तो पूर्ण होता. मुलीने मान उजवीकडे वळवली होती आणि ती मोकळेपणी हसत होती.

"ही कुणाकडे बघतेय?" बाईंनी विचारलं.

"कुणाकडेच नाही," मी म्हटलं. "पुढे चौकट संपते."

बाईंनी बोट ठेवलं, चौकटीच्या बाहेर, कागद बांधणीत शिरतो त्या जागी. "मी इथे बसायचे," त्या म्हणाल्या. "वडिलांच्या उजव्या हाताला. टेबल डगमगायचं, म्हणून ते काढत असले की दौत धरून बसायचं काम माझं होतं. रोजचं. ती मेल्यावरसुद्धा."

स्वयंपाकघराच्या दारात नवरा चहाचे कप घेऊन उभा होता, त्याला मी हातानेच थांबवलं. बाईंच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि त्या पुसत नव्हत्या. माझंही वाहत होतं. इतके दिवस मी या म्हातारीवर, साहेबांवर, नवऱ्यावर, स्वतःवर चिडत आले होते, आणि आता चिडायला मला कुणीच सापडेना.

"मला कशाला काढतील ते?" बाई म्हणाल्या. "मी तर तिथेच होते."

मग त्या खुर्चीवर बसल्या, त्या मुलीच्या समोर, आणि दौत धरावी तसा हात पुढे धरून बराच वेळ बसून राहिल्या.